मधला माणूस वगळून

शनिवार

मासुंदा तलावाच्या काठानं चालायला लागलं की अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात कौपिनेश्वराचं देऊळ, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च, टेंभी नाक्याचं जैन मंदिर, पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायलींचं सिनेगॉग एवढं सगळं येतं. आमच्या कोल्हापुरात अंबाबाई असते आणि बाकीचे देव तिचे शेजारी असतात. म्हणून ठाणं निवडलं. दादा नौपाड्यात राहतो, म्हणजे मुक्कामाची आणि जेवणाची काळजी नाही, हे दुसरं कारण. खरं तर पहिलंच.

निघताना एक नेम केला होता. पुजाऱ्याच्या हातून काही घ्यायचं नाही, पावती फाडायची नाही, कुणी माहिती द्यायला आलाच तर नमस्कार करून बाजूला व्हायचं. देव आहे का, असला तर कसा, हे मला माझ्या डोक्यानं बघायचं होतं. शाळेत तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं शिकवून झालं. आता मध्ये कुणी नको होतं.

कौपिनेश्वराची पिंड प्रचंड आहे. देवस्थान शिलाहारांच्या काळातलं सांगतात. आत्ताचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये बांधून घेतलं. पिंडीसमोर उभी राहून काही जाणवतंय का ते बघत होते, तेवढ्यात मागून एका आजीनं कोपर मारलं. "बाई, पुढं सरका. देव काय तुमच्या एकटीचाय?" सरकले. आजीनं बेल वाहिला, दोन शब्द पुटपुटली आणि भाजीची पिशवी उचलून गेलीसुद्धा. माझ्यापेक्षा तिचं काम पटकन झालं.

तलावाच्या काठचं चर्च सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी उभारलेलं. पण ठाण्याची फ्रान्सिस्कनांशी ओळख त्याहून जुनी, आणि रक्तानं लिहिलेली. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती इथं एका ख्रिस्ती घरात उतरले होते. त्या घरच्या नवऱ्यानं बायकोला मारलं. बायको काझीकडं दाद मागायला गेली आणि साक्षीदार म्हणून घरी उतरलेल्या साधूंचं नाव सांगितलं. काझीनं साधूंना बोलावलं आणि मारहाणीचं राहिलं बाजूला. तुमचा येशू कोण आणि पैगंबरांबद्दल तुमचं म्हणणं काय, असा वाद सुरू झाला. साधू मागं हटले नाहीत, चौघांचा जीव गेला. पुढं ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी ठाण्यात आला आणि त्यांच्या अस्थी जहाजानं थेट चीनला घेऊन गेला.

चर्चच्या बाकावर बसून माझ्या डोक्यात सारखी ती बाईच येत होती. तिनं मार खाल्ला होता, न्याय मागितला होता. पुढची सगळी हकिगत साधूंची, काझीची आणि हाडांची आहे.

टेंभी नाक्यापर्यंत ऊन चढलं. शआर हाशामाइम हे सिनेगॉग १८७९ चं. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवं होतं. फाटकाशी रेंगाळले. प्रार्थना संपवून बाहेर आलेले एक आजोबा थांबले. डोक्याला टोपी आणि मराठी अगदी अलिबागकडची. "आज फोटो नको काढू हो," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मला फोटो नकोच आहे, मी आपली बघतेय. मग तेच बोलायला लागले आणि माझा नेम पहिल्याच दिवशी मोडला.

त्यांनी सांगितलेलं पूर्वी तुकड्या-तुकड्यांनी वाचलं होतं, पण त्यांच्या तोंडून वेगळं वाटलं. नवगावजवळ जहाज फुटलं, वाचलेली माणसं कोकणात राहिली, तेलाचे घाणे चालवायला लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. शेकडो वर्षं त्यांच्याकडं ना रब्बी होता, ना ग्रंथ, ना प्रार्थनाघर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं, तोवर घरातल्या घरात सगळं. हिब्रू विसरली, फक्त शेमा ही एकच प्रार्थना तोंडात राहिली. आणि शनिवारची सुट्टी, मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा हा नियम. "आणि मलिदा," आजोबा म्हणाले. गोड पोहे, खोबरं, फळं, ताटाभोवती सगळे बसायचे आणि एलियाहू संदेष्ट्याचं नाव घ्यायचं.

मी विचारलं, "मग देव कसा आहे म्हणायचा तुमचा?"

"एक आहे," आजोबा म्हणाले. "बाकी कसा ते कशाला विचारायचं? उन्हात उभी राहू नको, घेरी येईल."

रविवार

अंबरनाथ. दादा, वहिनी आणि भाची सानिका, सगळेच निघाले, त्यामुळं शोध वगैरे बाजूला पडून सहल झाली. डब्यात थालीपीठं.

शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख या देवळात आहे. बाहेरच्या भिंतीवर एक वीतभर जागा कोरीवकामावाचून सुटलेली नाही. शेजारून वालधुनी वाहते. नदी म्हणायला जीभ रेटत नाही, इतकं पाणी काळं. भाविक वरून बघतात आणि पुढं जातात. मीही तेच केलं.

पण गाभारा! मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरायच्या. देव जमिनीच्या पोटात, आणि शिखर वर अर्धवट थांबलेलं असल्यामुळं डोक्यावर छप्पर नाही. खाली काळोखाचा गारवा आणि मान वर केली की फेब्रुवारीचं निळं आभाळ. हजार वर्षांचा पाऊस या पिंडीवर थेट पडत आला आहे. मला इथं काहीतरी झालं. काय ते नीट सांगता येणार नाही. डोळे भरून आले आणि त्याला कारण नव्हतं. सानिकानं बघितलं, काही विचारलं नाही, पाठीवर हात ठेवला. मग मागची रांग ओरडायला लागली.

वर आल्यावर दादानं विषय काढलाच. चैत्रात अप्पांचं वर्षश्राद्ध आहे. "गुरुजींना आत्ताच सांगून ठेवायला हवं."

इथं थोडं मागचं सांगते, नाहीतर मी ठाण्यात का फिरते आहे ते कळणार नाही. आमचे आजोबा सत्यशोधक. त्यांचं लग्न भटजीशिवाय झालं आणि आजी ते आयुष्यभर मिरवत असे. अप्पा दर शुक्रवारी अंबाबाईला जायचे, बाहेरूनच कळसाला हात जोडायचे आणि घरी यायचे. आत का जात नाही विचारलं तर म्हणायचे, "तिला दिसतंय की मी आलोय." असा माणूस गेल्यावर घाटावरच्या एका गुरुजींनी दहाव्याला पिंडापुढं आमच्याशी दराची घासाघीस केली. गाय द्या, नाही तर गाईचे पैसे द्या, नाही तर निम्मे द्या. कावळा शिवत नव्हता आणि दादा घाबरून हो-हो म्हणत होता. त्या दिवसापासून मला देवाचा राग आला नाही, मधल्या माणसाचा आला.

"बघू," मी म्हटलं. दादा गप्प झाला. थालीपीठ गार झालेलं.

सोमवार

येऊर. स्टेशनहून बस थेट पाटोणपाड्यापर्यंत जाते. शनिवार-रविवारची पार्ट्यांची गर्दी ओसरलेली, रस्त्यात बाटल्या तेवढ्या राहिलेल्या. संघटित धर्माच्या पलीकडचा देव बघायचा तर आदिवासींकडं बघावा, असं मी कुठल्या तरी लेखात वाचलं होतं आणि मनातल्या मनात पटवून घेतलं होतं. ना देऊळ, ना ग्रंथ, ना संस्थापक.

बोरं विकणाऱ्या एका मावशींशी बोलणं जमलं. बोरं संपल्यावर त्या मला रस्त्यापासून आत घेऊन गेल्या. झाडाखाली उभा दगड, त्यावर शेंदूर, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ. वाघोबा. इथल्या जंगलात आता बिबटे आहेत, पण बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघबारशीला कोंबडं देतात, नारळ फोडतात. मावशींनी हात जोडले नाहीत. दगडाजवळचा पालापाचोळा पायानं बाजूला सारला, जशी आपण शेजारणीच्या अंगणातली काडी सहज उचलून टाकतो, आणि म्हणाल्या, "याच्या वाट्याचा याला दिला का मंग तो आपल्या वाटंला येत नाय."

"आणि नाही दिलं तर?"

"मंग तो आपलाच घेऊन जातो. बकरी नाय तर पोर."

"काय द्यायचं, कधी द्यायचं, कोण ठरवतं?"

"भगत," त्या म्हणाल्या. माझा प्रश्न त्यांना बावळट वाटला असणार.

म्हणजे इथंही हिशेब होता, भीती होती, आणि भगत होता. लेख लिहिणाऱ्याला कदाचित भगत भेटला नसेल. पण घाटावरच्या गाईच्या हिशेबापेक्षा हा मला प्रामाणिक वाटला, हेही खरं. इथं वाघ खरोखर आहे. रात्री अंगणात येतो. त्याच्याशी करार करून एकाच रानात राहायचं आहे. आमच्या गुरुजींनी गाईचे पैसे घेतले तेव्हा गाय कुठंच नव्हती.

परतताना मावशींनी मूठभर बोरं दिली आणि पैसे घेतले नाहीत. प्रसाद म्हणायचा का याला? नेमात बोरांचा उल्लेख नव्हता.

मंगळवार

मलंगगडावर जायचं ठरवलेलं. हाजी मलंगचा दर्गा आणि मच्छिंद्रनाथांची समाधी एकाच जागी मानतात आणि वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडं. माझ्या विषयाला याहून चांगली जागा नाही. गुडघ्यांनी नकार दिला. घरी बसले.

घरी बसल्यावर दादाशी भांडण झालं. झालं ते बरं झालं. मी म्हटलं, आजोबांच्या नातवानं गुरुजी बोलवायचे? महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली की निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, आणि माणूस यांच्यात दलाल नको.

दादा बँकेत होता. तो शांतपणे वार करतो. "बरं. मग १९२० मध्ये शाहू महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या वेगळ्या धर्मगुरूंचं पीठ का काढलं? बेनाडीकरांना गादीवर का बसवलं? भटजी नको म्हणता म्हणता आपल्याकडं जगद्गुरू आलेच की. लोकांना कुणीतरी लागतं, ताई."

मला चटकन उत्तर सुचलं नाही. महाराजांना पुरोहितांनी वेदोक्त मंत्र नाकारले होते, ते दुखणं होतं, वेगळी परिस्थिती होती, असं काहीबाही बोलले. पण लोकांना कुणीतरी लागतं हे त्याचं वाक्य दुपारभर टोचत राहिलं. संध्याकाळी वहिनीनं भजी तळली आणि आम्हा दोघांना एकाच ताटलीत वाढली. तिची पद्धत आहे ती.

बुधवार

ट्रान्स हार्बरच्या गाडीनं ऐरोली. डॉ. आंबेडकर स्मारकाचा पांढरा घुमट दुरून दिसतो. आत ग्रंथालय आहे, छायाचित्रं आहेत, अभ्यासाला बसलेली मुलं आहेत. छायाचित्रांपुढं माझ्यासारख्याच एक निवृत्त बाई उभ्या होत्या, घणसोलीच्या. बोलता बोलता मी त्यांना माझा सगळा बेत सांगितला, अगदी उत्साहानं. शेवटी म्हटलं, मला वाटतं सगळीकडं शेवटी एकच देव आहे.

बाई हसल्या. "आम्हाला नका घेऊ त्यात, मॅडम."

"म्हणजे?"

"आमच्याकडं देव नाही. बावीस प्रतिज्ञा वाचल्यात का? पहिलीच ती आहे, ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांना शपथ दिली ती काय सगळे देव एकच म्हणून? माझे वडील होते तिथं. मूर्ती फेकून आले घरी. तुम्ही आता म्हणणार, तीच शेवटी भक्ती."

मी खरंच तेच म्हणणार होते. तोंड बंद केलं.

त्यांचं बरोबर होतं. सगळं एकच आहे असं म्हणायला सोपं जातं ते माझ्यासारख्यांना, ज्यांना कुठल्याच देवळाच्या पायरीवरून कुणी हाकललेलं नाही. मी बाहेर राहिले ते माझ्या मर्जीनं. अप्पाही कळसाला हात जोडायचे ते मर्जीनं. ज्यांना आत येऊच दिलं नाही, त्यांनी देवाचा पत्ताच वहीतून खोडला तर त्यांना माझ्या 'एकच'मध्ये परत ओढून आणणारी मी कोण?

बाईंना विचारलं, देव नाही तर मग विहारात काय करता? "वंदना. त्रिशरण, पंचशील. मग चहा. मग कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचं हॉस्पिटल, कुणाची फी. रविवारी या, बघा." पत्ता दिला. रविवारी मी इथं नसणार होते, पण लिहून घेतला.

गुरुवार

वाशीचा गुरुद्वारा, तो सानिकामुळं. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या घरचे दर गुरुवारी सेवेला जातात. "आत्या, तुला देव नकोय ना? मग चल, रोट्या लाटू." मी सुधारलं, देव हवाय, मधला माणूस नको. "तेच ते," सानिका म्हणाली.

डोक्यावर ओढणी, हात धुतले, मोठ्या तव्याजवळ बायकांच्या ओळीत बसले. माझ्या हातून चपातीच होत होती, पातळ, घडीची. शेजारच्या सरदारीणबाईंनी ती उचलून बघितली, शेजारणीला दाखवली आणि दोघी खळखळून हसल्या. मग रोटी किती जाड हवी ते शिकवलं. तासभर लाटत होते. दंड भरून आले. देवाचा विचार त्या तासात एकदाही आला नाही.

आतून कीर्तन ऐकू येत होतं. मैत्रिणीच्या आईनं सांगितलं, ग्रंथसाहिबात आपले नामदेव आहेत. हे मला माहीत होतं, एकसष्ट पदं आहेत, मी नववीला शिकवायचे. पण शिकवणं वेगळं. पंढरपूरच्या वाटेवरचा शिंपी पंजाबात गेला आणि शेकडो वर्षांनी वाशीत रोट्या लाटताना मला भेटतो, हे फळ्यावर लिहिता येत नाही.

लंगरला पंगतीत बसलो. माझ्या एका बाजूला माथाडी कामगार, एपीएमसी मार्केटमधून आलेला, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेला मुलगा. डाळ, भात, खीर, आणि आमच्याच रोट्या. माझी चपाती कुणाच्या वाट्याला गेली कुणास ठाऊक.

जेवता जेवता दादाचं वाक्य सुटलं. लोकांना कुणीतरी लागतं, बरोबर आहे. पण ते कुणीतरी म्हणजे वर बसलेला असं मी धरून चालले होते, म्हणून मला चीड येत होती. सिनेगॉगबाहेरच्या आजोबांच्या वाडवडिलांकडं रब्बी नव्हता, पण मलिद्याच्या ताटाभोवती बसणारे होते. घणसोलीच्या बाईंकडं देव नाही, पण रविवार आहे. रब्बी नसताना, ग्रंथ हरवलेला असताना, शेकडो वर्षं टिकलं ते काय होतं तर आठवड्याचा एक दिवस आणि एका ताटात जेवणं. मी मात्र मधल्या माणसाबरोबर शेजारच्या माणसालाही काढून टाकलं होतं आणि एकटी बसून देवाची वाट बघत होते.

अर्थात इथंही कमिटी असणार, देणगीदारांची नावं भिंतीवर होतीच. मला त्याचा नेहमीइतका राग आला नाही. कदाचित पोट भरलं होतं म्हणून.

आणि अंबरनाथच्या गाभाऱ्यात जे झालं, ते यात कुठं बसतं? बसत नाही. तिथं पंगत नव्हती, मागून ओरडणारी रांग होती. ते तसंच राहू दे.

शुक्रवार

सकाळी अग्यारीपर्यंत चालत गेले. पारशांखेरीज कुणाला आत प्रवेश नाही, मला माहीत होतं. मागच्या आठवड्यात मी यावर तावातावानं बोलले असते. आज बाहेरून बघितलं, आत कुणाचा तरी अग्नी कुणीतरी जपतंय एवढं पुरलं, आणि कोपऱ्यावर बन-मस्का खाल्ला.

रात्रीची गाडी. दादा, वहिनी स्टेशनवर सोडायला आले. फलाटावर मी दादाला सांगितलं, वर्षश्राद्ध करू. गुरुजी नाहीत. अप्पांचे तालमीतले दोस्त, शाहूपुरीतले शेजारी, घाटावरच्या त्या चहावाल्यालाही बोलवू, आणि सगळ्यांनी मिळून जेवू. कुणाला अभंग म्हणायचा असेल त्यानं म्हणावा, नसेल त्यानं नुसतं बसावं.

"चाळीस-पन्नास पानं होतील," वहिनी म्हणाली. "स्वयंपाक कोण करणार? का तिथंही रोट्या लाटणार?"

"आपण सगळे. आचारी नको."

दादा बराच वेळ गाडी येणार त्या बाजूला बघत होता. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एक पान मी गच्चीवर ठेवणार."

"कावळ्याला?"

"हो. आणि त्या दिवशी नाही शिवला तर मी उभा राहणार, शिवेपर्यंत. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"चालेल," मी म्हटलं. "मीपण थांबेन तुझ्याबरोबर. पण सावलीत खुर्ची ठेव, चैत्राचं ऊन असतं."

गाडी वीस मिनिटं उशिरा होती. वहिनीनं पिशवीतून वही काढली आणि तांदूळ किती लागतील ते लिहायला घेतलं.